कच्च्या दोऱ्यावरची चामोटी

एकदा एक तरुण आपल्या वडिलांचा वस्तरा घेऊन बाजाराच्या गावी एका वृद्ध न्हाव्याकडे शिकायला आला. वडिलांनी तीस वर्षे त्याच वस्तऱ्याने आपल्या गावच्या दाढ्या केल्या होत्या. पण गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि एके दिवशी एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर वस्तरा लागला. जखम लहानशीच होती. गिऱ्हाईक काही बोललेही नाही. तरी त्या दिवशी वडिलांनी वस्तरा पुसून मिटला आणि मुलाच्या हाती ठेवला. "हा आता तुझा," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी घेऊन दिलेला आहे. असा दुसरा मिळायचा नाही."

त्या वृद्ध न्हाव्याला सगळे अण्णा म्हणत. कापडबाजाराच्या तोंडाशी त्यांचे छोटेसे दुकान होते. आत एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीतल्या हुकाला टांगलेली चामोटी, म्हणजे वस्तरा परजायचा चामड्याचा लांब पट्टा. कोपऱ्यात धार लावायचा दगड फडक्यात गुंडाळून ठेवलेला असे. अण्णा तो वर्षातून दोनदा-तीनदाच बाहेर काढत.

तरुण कष्टाळू होता. साबणाचा फेस त्याला लवकर जमला, गालाची कातडी ताणून धरणेही जमले. मात्र वस्तरा काही केल्या चालेना. सकाळी जरा बरा चाले, दुपारपर्यंत ओढू लागे. गिऱ्हाइके डोळे मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसत.

"अरे, दाढी करतोयस की शेंगा सोलतोयस?" एक जण म्हणाला.

"अण्णा, याला आधी कोंबड्या सोलायला बसवा. पिसं चांगली उपटील," दुसरा म्हणाला.

तरुण खाली मान घालून ऐकून घेई आणि दुकान रिकामे झाले की दगड काढून बसे. पाण्याचे थेंब सोडून वस्तरा घाशी, मग चामोटीवर सपासप फिरवी. अंगठ्याला धार लावून पाही. पुन्हा घाशी. अण्णा येता-जाता एवढेच म्हणत, "हलका हात ठेव." तो मान डोलावी, आणि चामोटी ओढून, दात-ओठ खाऊन वस्तरा दाबी.

असे दोन महिने गेले. एका दुपारी अण्णांनी त्याचा वस्तरा हातात घेतला, मिटला आणि उजेडात धरला. मिटल्यावर पाते मुठीच्या फटीत नीट मावायला हवे. ते आत बुडून गेले होते, आणि वर मोकळी फट दिसत होती.

"तू आलास तेव्हा हे पातं मुठीच्या काठाशी येत होतं," अण्णा म्हणाले. "तुझ्या वडिलांनी तीस वर्षांत झिजवलं नसेल एवढं तू दोन महिन्यांत झिजवलंस. अजून दोन महिन्यांनी हातात नुसती मूठ उरेल."

तरुणाचा चेहरा पांढराफटक पडला.

"उद्या बाजार आहे. गुळाचे शेटजी दाढीला येतील. त्यांची दाढी तू करायची, याच वस्तऱ्याने. नीट झाली तर राहा. ओढली, तर वस्तरा घेऊन गावी जा. तुला शिकवायच्या नादात तुझ्या वडिलांची वस्तू संपवायचं पाप मला नको."

दुसऱ्या दिवशी तरुण पहाटेच उठला. भीतीने त्याला दुसरे काही सुचेना, म्हणून त्याने पुन्हा दगडच काढला. शेटजी येईपर्यंत त्याचे मनगट भरून आले होते.

शेटजी देहाने विस्तीर्ण आणि जिभेने तिखट होते. ते खुर्चीत बसले, तशी खुर्ची करकरली. "आज हा करणार?" त्यांनी आरशातूनच विचारले. "अण्णा, आपलं काही जुनं वैर आहे का?"

"असतं तर मीच केली असती," अण्णा म्हणाले.

तरुणाने फेस लावला, चामोटीवर वस्तरा जोरजोराने परजला आणि कानाशी पाते टेकवले. पहिल्याच फटक्याला शेटजींचा खांदा उडाला. "आई गं! अरे, केस काप, मुळं कशाला काढतोस?"

तरुणाचा हात थांबला. डोळ्यांत पाणी येईल असे वाटून त्याने अण्णांकडे पाहिलेच नाही. निमूटपणे तो पुन्हा दगडाकडे वळला.

"दगडाला हात लावू नकोस," अण्णा म्हणाले.

ते उठले. शेजारी एक बाई गजरे गुंफत बसे. तिच्याकडून त्यांनी हातभर कच्चा दोरा मागून आणला. मग चामोटी हुकावरून काढली, दोरा तिच्या कडीत ओवला आणि तो हुकाला बांधला. एवढा जाड, काळा पडलेला चामड्याचा पट्टा आता फुले ओवायच्या एका दोऱ्यावर लोंबकळू लागला.

"परज," अण्णा म्हणाले. "पन्नास फेरे. दोरा तुटला तर पुन्हा पहिल्यापासून."

"आणि मी?" फेसाने माखलेले शेटजी म्हणाले. "मी असाच म्हातारा होऊ?"

"थोडा वेळ बसा, शेटजी. फेस मी पुन्हा लावून देतो."

तरुणाने पट्टा धरला आणि वस्तरा टेकवला. तिसऱ्या फेऱ्याला दोरा तटकन तुटला. अण्णांनी दुसरा बांधला. तो सातव्याला तुटला. "परवा माझ्या धाकट्या मुलाचं लग्न आहे, तोवर तरी होईल ना?" शेटजी पुटपुटले. तिसरा दोरा बाराव्या फेऱ्याला तुटला, तेव्हा तरुणाला कळले की आपण दाबतो तेव्हा चामडे खाली खचते, आणि ते ताठ राहावे म्हणून आपण पट्टा आणखी ओढतो. दोरा त्या ओढीने तुटत होता.

त्याने एक श्वास सोडला. पट्टा नुसता सरळ राहील इतपतच धरला. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही चामड्यावर सपाट टेकवली आणि पाठ पुढे, धार मागे अशी वस्तऱ्याच्या स्वतःच्याच वजनावर जाऊ दिली. टोकाला पाते पाठीवर उलटवून परत आणले. एवढे दिवस चामोटीचा फटफट आवाज येई. आता रेशमी कापडावरून हात फिरवावा तसा आवाज येऊ लागला. वीस झाले. तीस झाले. पन्नासाव्या फेऱ्यालाही दोरा शाबूत होता.

अण्णांनी शेटजींच्या गालाला ताजा फेस लावला आणि बाजूला झाले.

तरुणाने पाते पुन्हा कानाशी टेकवले. फेसाचा एक पट्टा खाली आला आणि त्यामागे स्वच्छ गाल दिसला. खांदा उडाला नाही. खुर्चीचे हात धरलेली शेटजींची बोटे सैल झाली. दुसरा गाल झाला, हनुवटी झाली, शेवटी गळा झाला. तरुणाने वस्तरा पुसला तेव्हा त्याच्या ध्यानात आले की शेटजी संथपणे घोरत आहेत.

"उठवू नकोस," अण्णा हळूच म्हणाले.

तरुणानेही आवाज खाली आणला. "अण्णा, आज सकाळी घासला तोच वस्तरा हा. मग मघाशी का ओढला?"

"दगडावरून उतरला तेव्हा तो उत्तम होता. चामोटीवर तू त्याला बिघडवलास," अण्णा म्हणाले. "धार अगदी टोकाशी केसाहून पातळ असते. दाढी करताना ती जराशी वाकते. दाबलं की चामडं खचतं, धारेवर चढतं आणि ती आणखीच वाकवतं. ती बोथट झालेली नसते. पण तू तिला बोथट समजायचास आणि दगडावर न्यायचास. दगड पोलाद खातो, बाळा. चामोटी काही खात नाही, ती फक्त वाकलेलं सरळ करते. वाऱ्याने ज्वारी आडवी झाली, तर आपण चार ताटं उभी करून बांधतो. कापून पुन्हा पेरत नाही."

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" तरुणाने विचारले.

"रोज सांगत होतो. हलका हात म्हणजे किती हलका, ते मला तोंडाने सांगता येईना. दोऱ्याला आलं." अण्णांनी अडकित्ता हातात घेतला. "आणखी एक. तुझा हात थरथरेल, या भीतीने तू दाबत होतास. तुझ्या वडिलांचा हात पाहिला आहेस ना. पण तुझा हात थरथरत नाही. मी दोन महिने पाहतोय."

तरुणाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. स्वतःलाही नाही.

इतक्यात शेटजी दचकून जागे झाले. "झाले का तुझे पन्नास?" ते वैतागून म्हणाले. "कर बाबा सुरू एकदाची. माल उतरायचा आहे माझा."

"हात लावून बघा, शेटजी," अण्णा म्हणाले.

शेटजींनी एका गालावरून हात फिरवला, मग दुसऱ्यावरून. आरशात वाकून पाहिले. उपरणे झटकून ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून तरुणाला म्हणाले, "परवा घरी ये. नवरदेवाची दाढी तुझ्याकडे."

बाहेर बाकावर एक म्हातारे गिऱ्हाईक ताटकळत बसले होते. आत डोकावून त्यांनी भीत भीत विचारले, "अण्णा, माझी तुम्ही करणार की हा?"

अण्णा सुपारी कातरण्यात गुंतले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"या मामा, बसा," तरुण म्हणाला. त्याने वस्तरा कोरडा पुसला, पुसताना घाई केली नाही, आणि चामोटीकडे वळला. जे हाती सोपवले आहे ते घट्ट आवळून जपता येत नाही, हे आता त्याच्या बोटांना कळले होते.