येसाजीनानांनी गाडी मागे घेतली

घाटमाथ्यावरच्या कुसरवाडीत येसाजी ढेबे नावाचे एक गृहस्थ राहत होते. गावात साठेक उंबरे, आणि सगळ्यांचं पीक एकच, स्ट्रॉबेरी. येसाजीनानांकडे एक लहानशी पिकअप गाडी होती. पुढे दोन माणसं बसतील एवढी केबिन आणि मागे उघडा हौदा. गाडी अठरा वर्षांची झाली होती. तिचा मूळचा निळा रंग आता फक्त दाराच्या आतल्या बाजूला उरला होता.

पण चालायला ती ठणठणीत होती. नाना तिला फार जपत. क्लचवर उगाच पाय ठेवून बसत नसत. गिअर टाकताना घाई करत नसत. इंजिनाचा आवाज ऐकायचे, तो नेमका उतरला की दांडा दोन बोटांनी पुढे सारायचे. गिअर कधी खर्रकन वाजला नाही. त्यांची बायको हौसाबाई म्हणायच्या, "आमच्या ह्यांनी माझ्यावर आवाज चढवला असंल, पन गिअरावर कधी न्हाय."

तीन वर्षांपूर्वी गावातल्या विलास शेलारने सहा चाकांचा मोठा ट्रक आणला. विलास चाळिशीचा, हुशार आणि कामाला वाघ. नाना चार खेपांत नेत तेवढा माल तो एकाच खेपेत बाजारात पोचवी. हळूहळू सगळं गाव त्याच्याकडे वळलं. नानांकडे वरच्या पाड्यांवरचं दूध तेवढं राहिलं, कारण तिथल्या अरुंद वाटांवर ट्रक वळत नसे. नानांना वाईट वाटलं. पण ते कोणाला काही बोलले नाहीत. सकाळी दुधाचे कॅन न्यायचे, दुपारी गाडी पुसायची, असं त्यांचं चाललं होतं.

त्या वर्षी गौरी-गणपती उरकले आणि लावणीचे दिवस आले. सगळ्या गावाची रोपं खालच्या रोपवाटिकेतून एकदमच यायची होती. ओल्या मातीच्या छोट्या पिशव्यांतली रोपं, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरलेली. विलास ती ट्रकमध्ये घालून पहाटे निघाला. पण आदल्या रात्रीच्या पावसाने घाटातली मोरी खचली होती. रस्त्याला भलंमोठं भगदाड पडलं होतं. विलासने ट्रक भगदाडाच्या खालच्या अंगालाच उभा केला आणि गावात फोन केला.

तासाभरात अर्धं गाव डोंगर उतरून खाली आलं. पाऊस थांबला होता आणि भाद्रपदाचं ऊन चटका देत होतं. ताडपत्रीखाली रोपं वाफेवर आल्यासारखी तापत होती. तान्हूबाई जंगम नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी एक क्रेट उघडून पाहिलं. पानं मान टाकायला लागली होती.

"उद्या दिस मावळायच्या आत मातीत गेली तर जगतील," त्या म्हणाल्या. "न्हायतर वरीस गेलं आपलं."

मोरी दुरुस्त व्हायला आठवडा लागणार होता. डोक्यावरून रोपं न्यायची तर चार किलोमीटरचा खडा चढ. बायाबापड्यांनी किती हेलपाटे घालायचे? राहता राहिली जंगलातून जाणारी जुनी गाडीवाट. एके काळी तिच्यावरून बैलगाड्या जायच्या. आता ती दगडांनी भरली होती आणि पावसाने तिच्यात चर पडले होते. ट्रकचं तिथे नावच नको.

"नानांची गाडी जाईल," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तीन वर्षांत त्यांच्यातल्या कोणीही नानांना एक पोतंसुद्धा दिलं नव्हतं.

नानांना बोलवायला कोणाला जावं लागलं नाही. ते वरून रिकामी गाडी घेऊन त्याच वाटेने उतरत होते. मध्येमध्ये थांबून त्यांनी मोठे दगड बाजूला सारले होते. गाडी सपाटीला लावून ते उतरले आणि विलासला म्हणाले, "चल, हौद्यात चढ. मी क्रेट देतो, तू रच."

साठ क्रेट झाली तेव्हा नाना वाकून मागच्या चाकांकडे बघायला लागले. "बास," ते म्हणाले. "ह्या वाटंला एवढंच."

"नाना, भरा की अजून!" विलास म्हणाला. "साडेतीनशेच्या वर क्रेट आहेत. साठ-साठनं कधी संपायची?"

"गाडी काय ऐकती का कुनाला!" दुसरा म्हणाला. "घोरपड हाय ती घोरपड! नाना, आज दाखवा तुमची गाडी काय चीज हाय ते."

सगळे हसले. कोणी नानांच्या पाठीवर थाप मारली. तीन वर्षांनी गाव त्यांच्याभोवती असं गोळा झालं होतं. नानांची छाती जरा फुगली. त्यांनी पुन्हा एकदा चाकांकडे पाहिलं. मग मान हलवून म्हणाले, "बरं, टाका."

नव्वद क्रेट चढली. दोर आवळला. नानांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी चढाला लागली. विलास हातात मोठा दगड घेऊन मागे चालत होता, गाडी कुठे थांबलीच तर चाकामागे लावायला.

अर्धा किलोमीटर ठीक गेला. मग खडकाळ वळण आलं. तिथे पुढची चाकं हलकी झाल्यासारखी वाटू लागली आणि मागची जागच्या जागी फिरायला लागली. नानांनी क्लच अर्धा दाबून धरला, रेस वाढवली. गाडी हातभर वर गेली, परत हातभर खाली आली. केबिनमध्ये जळका वास आला.

तो वास नानांना ठाऊक होता. दुसऱ्यांच्या गाड्यांना यायचा. त्यांच्या गाडीला अठरा वर्षांत कधी आला नव्हता.

त्यांनी हँडब्रेक ओढला. विलासने धावत येऊन चाकामागे दगड लावला.

"आणखी जोर द्या नाना! निघेल!" तो ओरडला.

नाना स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. खाली अर्धं गाव उभं होतं आणि इथून ते दिसत होतं. गाडी चढली असती तर हेच लोक वर्षभर कौतुक करत राहिले असते. आणि चढता चढता इंजिन नाहीतर क्लच गेला असता, तर गाडीवाट अडली असती आणि एकही रोप वर पोचलं नसतं.

"दगड काढ," नाना म्हणाले. "मागं घेतो."

वळवायला जागा नव्हती. नानांनी रिव्हर्स टाकला आणि मान मागे वळवून, तसूतसूने, ते अर्धा किलोमीटर मागे उतरले. वाटेवरच्या प्रत्येक माणसाला बाजूला व्हावं लागलं. सपाटीला आल्यावर त्यांनी स्वतः दोर सोडला आणि वरची तीस क्रेट उतरवायला लागले.

गाडीला घोरपड म्हणणाराच म्हणाला, "भ्यालात व्हय नाना?"

"हो, भ्यालो," नाना म्हणाले. "मघाशी भ्यायला पायजे हुतं, ते आत्ता भ्यालो. हात लावा, ऊन तापतंय."

तान्हूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी पहिलं क्रेट उचललं. मग सगळ्यांनीच हात लावले.

साठ क्रेट घेऊन गाडी पुन्हा निघाली. त्या खडकाळ वळणावर ती जराशी कण्हली आणि पुढे सरकली. माणूस चालतो त्याच वेगाने, एकाच गिअरात, न थांबता ती वर गेली. तासाभराने गावच्या मारुतीपाशी रोपं उतरली. बायका वाट बघतच होत्या. त्यांनी क्रेट वाटून घेतली आणि वाफ्यांकडे धावल्या.

उतरताना विलास नानांच्या शेजारी बसला. "रिकामी गाडी आहे, न्यूट्रल करा की," तो म्हणाला. "आपोआप घरंगळत जाईल."

"घरंगळती त्यालाच तर भ्यायचं," नाना म्हणाले. "ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं. मग ब्रेकला दम ऱ्हातो. चढ असू दे न्हायतर उतार, गाडी आपल्या हातात पायजे."

विलास नानांच्या हाताकडे बघत राहिला.

त्या दिवशी तीन खेपा झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चौथी झाली. पाचवी भरून नाना केबिनमध्ये बसले, क्लच दाबला आणि पाय सरळ तळाला जाऊन टेकला. क्लचची वायर तुटली होती. नानांनी खाली वाकून पाहिलं. वायरीचे धागे एकेक करून सुटले होते.

"काल नव्वद क्रेट घालून क्लच धरून बसलो, तवाच ही उसवली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चूक माझी हाय. दुसऱ्या कुनाची न्हाय."

विलासने कपाळाला हात लावला. "संपलं. वायर आणायची म्हणजे तालुक्याला जायचं. संध्याकाळ होईल."

अजून एकशेवीस क्रेट खाली होती. त्यांतली बरीचशी तान्हूबाईंच्या आणि खालच्या आळीच्या वाट्याची होती. पानं आता कडेने करपायला लागली होती. तान्हूबाई क्रेटवर पदराची सावली धरून बसल्या होत्या.

नानांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "क्लचबिगर नेतो."

"असं कसं जमेल?" विलासने विचारलं.

"सपाटीला पहिला गिअर टाकून चावी मारायची. गाडी झटका घिऊन निघंल. एकदा निघाली की वर जाईस्तवर थांबायचं न्हाय. थांबली, की त्या चढावर परत निघायची न्हाय. तू पुढं जा आन वाट मोकळी ठेव. ढोर नको, मानूस नको, दगड नको."

विलास पळत सुटला. त्याने वाटेवर माणसं उभी केली. खालून वरपर्यंत ओरडून निरोप गेला. वरच्या वळणावर हौसाबाईंच्या स्वतःच्याच दोन म्हशी वाटेत आडव्या बसल्या होत्या. त्यांनी काठी टाकली आणि म्हशींना हातांनी ढकलत शेतात घातलं. "उठा गं बायांनो, आज तुमचं नखरं नकोत!"

नानांनी पहिला गिअर टाकला आणि चावी फिरवली. गाडीने उडी मारल्यासारखा झटका घेतला, दोनदा हिसडली, आणि इंजिन लागलं. ती चालू लागली.

वाटेवर दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. पण कोणी ओरडत नव्हतं, टाळ्या वाजवत नव्हतं. सगळे इंजिनाचा आवाज ऐकत होते. खडकाळ वळणावर आवाज जड झाला. तिथे थांबलेला विलास आता दगड घेऊन चाकाशेजारी वाकून चालत होता. नानांनी पाय तसूभर खाली दाबला, आणखी नाही. गाडी थरथरली, खडकावर चढली, पलीकडे गेली. विलासच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून त्याने घाम पुसल्यासारखं केलं.

अठरा वर्षांत ज्या गिअरला कधी ओरखडा लागू दिला नव्हता, त्याने त्या दिवशी दगा दिला नाही. मारुतीपाशी नानांनी चावी बंद केली तेव्हा गाडी एक हिसका देऊन उभी राहिली. हौसाबाईंनी तांब्याभर पाणी आणलं. नानांनी आधी रेडिएटरचं झाकण जरा थंड होऊ दिलं, मग ते पाणी त्यात ओतलं.

"अवं, ते तुमच्यासाठी आनलं हुतं," हौसाबाई म्हणाल्या.

"तिनं चढवलं, मी नुसता बसलो हुतो," नाना म्हणाले. हौसाबाई हसल्या आणि दुसरा तांब्या आणायला गेल्या.

उतारावर रिकामी गाडी गिअरात टाकून सोडली की इंजिन आपसूक लागत होतं. सहावी खेपही तशीच झाली. दिवस मावळायच्या आत शेवटचं रोप मातीत गेलं. तान्हूबाईंच्या वाफ्यात नाना आणि विलास दोघेही चिखलात गुडघे टेकून लावणीला बसले होते.

गावाने नानांच्या गाडीला हार घालायचं ठरवलं. नाना म्हणाले, "घाला, पन पुढच्या जाळीवर नको. तिला वारा लागतो." मग हार आरशाला बांधला.

रोपांतली थोडी मेली, बाकीची जगली. माघात वाफे लालबुंद झाले. मोरी तोवर बांधून झाली होती आणि विलासचा ट्रक फळं घेऊन बाजाराला निघायचा. एका सकाळी ट्रक भरून झाला होता, तरी लोक क्रेट आणतच होते. "रच की रं वर, दोरानं आवळ," असं सगळे म्हणत होते. विलास खाली उतरला, वाकून मागच्या चाकांकडे बघितलं आणि वरच्या थरातली चार क्रेट पुन्हा खाली ठेवली.

"ही दुसऱ्या खेपेला," तो म्हणाला. "आणि घाई असेल त्यांनी नानांच्या गाडीत टाका. त्यांची गाडी रिकामी आहे."

लोक जरा कुरकुरले. मग एकाने आपली क्रेट उचलली आणि तो नानांच्या घराकडे चालू लागला. त्याच्यामागे दुसरा निघाला. नाना अंगणात गाडी पुसत होते. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि हौद्याची फळी उघडली.

तात्पर्य: आपल्या बळाची हद्द ओळखून जो चारचौघांत पाऊल मागे घेतो, तोच शेवटपर्यंत ओझं वाहू शकतो, आणि रोज जपलेली वस्तू अडचणीच्या दिवशी आपल्याला जपते.