रुणीचा थेंबभर मध

एक होती मधमाशी. एवढीशी, वाटाण्याहून लहान. तिचं नाव रुणी.

कुंदामावशीच्या परसात काकडीचा वेल. वेलावर पिवळं पिवळं फूल. रुणी रोज यायची, गुं गुं गुं. फुलात शिरायची, थेंबभर मध प्यायची.

एक दिवस काय झालं? फुस्स फुस्स फुस्स! मावशीने औषध फवारलं. रुणीने जीभ लावली. शी, कडूजहर! रुणी राहिली उपाशी.

"वेला वेला, मध दे."

वेल म्हणाला, "मावशी फवारा थांबवेल, तर देईन."

गुं गुं गुं, रुणी गेली मावशीकडे.

"मावशी मावशी, फवारा थांबव. वेल मध देईना, माझं पोट भरेना."

मावशी म्हणाली, "पानांवर मावा बसलाय. तो जाईल, तर थांबवीन."

मावा म्हणजे हिरवे हिरवे किडे. पानांचा रस पितात, चुट चुट चुट.

गुं गुं गुं, रुणी गेली माव्याकडे.

"माव्या माव्या, निघून जा. मावशी थांबेना, वेल मध देईना, माझं पोट भरेना."

मावा म्हणाला, "मी कशाला जाऊ? ढालकिडा येईल, तर जाईन."

ढालकिडा लाल लाल, पाठीवर काळे ठिपके. माव्याला खातो, मट मट मट. पण फवाऱ्याला भिऊन बसला होता कुंपणापलीकडे.

गुं गुं गुं, रुणी गेली ढालकिड्याकडे.

"ढालकिड्या ढालकिड्या, आत ये. मावा जाईना, मावशी थांबेना, वेल मध देईना, माझं पोट भरेना."

ढालकिडा म्हणाला, "कोथिंबीर फुलेल, फुलातले पराग खायला मिळतील, तर येईन."

गुं गुं गुं, रुणी गेली कोथिंबिरीकडे.

"कोथिंबिरी कोथिंबिरी, फुलून ये. ढालकिडा येईना, मावा जाईना, मावशी थांबेना, वेल मध देईना, माझं पोट भरेना."

कोथिंबीर म्हणाली, "मावशी रोज खुडते, खुट खुट खुट. खुडायची थांबेल, तर फुलेन."

म्हणजे पुन्हा मावशी!

मावशी वेलाखाली उभी. फुलं गळत होती, टप टप टप. काकडी एकही नाही. कोशिंबीर कशाची करणार? मावशी अगदी हिरमुसली होती.

"मावशी मावशी, कोथिंबीर फुलेना, ढालकिडा येईना, मावा जाईना, तू थांबेनास, वेल मध देईना, माझं पोट भरेना. आणि मी फुलात शिरेना, तर काकडी धरेना."

मावशीने कपाळाला हात लावला. "अगं बाई, सगळं माझ्यापाशीच अडलंय की."

मावशीने फवारा ठेवून दिला. पानांवर मारलं नुसतं पाणी, फुर्र फुर्र. कोथिंबिरीचा एक कोपरा खुडलाच नाही. आणि वाट पाहिली.

मग काय!

कोथिंबीर फुलली, पांढरी पांढरी. ढालकिडा आला, मट मट मट. मावा गेला. मावशी थांबलेलीच होती. वेलाने मध दिला. थेंबभर? छे, पोटभर!

आणि वेलाला काकडी धरली.

मावशीने कोशिंबीर केली. वरून कोथिंबीर हवी, म्हणून हात गेला त्या कोपऱ्याकडे.

"गुं?" रुणी म्हणाली.

मावशीने हात मागे घेतला आणि दुसरीकडची खुडली.

कोशिंबीर मावशीच्या पोटात, मध रुणीच्या पोटात, गोष्ट तुमच्या पोटात.