नदीकाठची घंटा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की ती जिच्या काठी घडली, त्या नदीने तेव्हापासून दोनदा आपलं पात्र बदललं.

त्या नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे सात वाड्या. वाड्यांतली माणसं बाजाराला, दवापाण्याला, लग्नकार्याला नावेतून गावात येत. वर्षातले आठ महिने नदी शहाण्यासारखी वागे. पण थंडी सुरू झाली की सकाळी तिच्यावर असं धुकं उतरे की नावाड्याला स्वतःचं वल्हं दिसत नसे. घाटाच्या थोडं खाली काळे खडक होते. धुक्यात घाट चुकला की नाव थेट त्या खडकांवर जाई. दर थंडीत एखादी तरी नाव जायचीच.

शेवटी पाटलांनी गावातल्या ओताऱ्याला बोलावलं. त्याचं नाव दुलाजी. समया, तांबे, बैलांच्या गळ्यातल्या घंटा ओतण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

"दुलाजी," पाटील म्हणाले, "घाटावर टांगायला एक मोठी घंटा हवी. पलीकडच्या काठापर्यंत आवाज गेला पाहिजे. नावाड्यानं आवाजाच्या रोखानं नाव हाकायची."

"देतो ओतून," दुलाजी म्हणाला. "धुकं पडायच्या आत देतो."

गावाने घरोघरची फुटकी भांडी आणून दिली. कुणी चेपलेला हंडा दिला, कुणी सासूच्या वेळची परात. दुलाजीने गावदेवीपुढे नारळ फोडला आणि कामाला लागला. त्याची बायको यसू भाता ओढायला बसली.

पहिल्या खेपेला साच्याच्या मातीत ओल राहिली होती. वितळलेला रस आत पडताच धाडकन आवाज झाला आणि साच्याचे तुकडे अंगणभर उडाले. दोघं वाचली एवढंच.

दुलाजीने सांडलेला धातू गोळा केला, नवा साचा केला आणि पुन्हा नारळ फोडला. दुसऱ्या खेपेला रस ओततानाच निवू लागला. साचा फोडला, तर आत अर्धीच घंटा.

तिसऱ्या खेपेला मात्र सगळं जमलं. रस काठोकाठ भरला. थंडी तोंडावर आली होती आणि माणसं रोज विचारायला येत होती. दुलाजीने दुसऱ्याच सकाळी साचा फोडला. आतून अशी देखणी घंटा निघाली की यसूने तिच्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. सारा गाव जमला. पाटलांनी टोला दिला.

थप्प.

फुटक्या मडक्यावर काठी मारावी तसा आवाज. दुलाजीने वाकून पाहिलं. घंटेच्या खांद्यापासून ओठापर्यंत केसासारखी बारीक चीर गेली होती.

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "देवीच्या मनात नाही, दुसरं काय."

दुलाजी तडक देवळात गेला. या वेळी त्याच्या हातात नारळ नव्हता.

"स्वतःसाठी मागितलं असतं आणि तू दिलं नसतंस, तर माझं काही म्हणणं नव्हतं," तो म्हणाला. "पण हे तुझ्याच लेकरांसाठी होतं. तीनदा हात भाजून घेतले मी. तुला एकदा तरी दया यावी ना? बस झालं आता."

घरी येऊन त्याने भट्टीचं तोंड मातीने लिंपून टाकलं. सांडशी माळ्यावर फेकली. यसू म्हणाली, "अहो, चार दिवस जाऊ द्या, मग बघू."

"चार दिवसांनी देव बदलणार आहे?" तो म्हणाला आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

आठ दिवसांनी पहिलं धुकं पडलं. त्या सकाळी दुलाजी घाटावर गेला. पलीकडच्या वाडीत त्याचा मावसभाऊ होता. त्याच्याकडे जाऊन शेतीत हात लावायचा, ओतकामाचं नाव काढायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

घाटावर ठकूआजी उभी होती. डाव्या हातात पितळी थाळी आणि उजव्या हातात दांडका. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की ही म्हातारी धुक्याच्या दिवसांत रोज पहाटे घाटावर येते आणि नाव काठाला लागेपर्यंत थाळी बडवते. पण दुलाजीने तिला असं जवळून कधी पाहिलं नव्हतं. ती हात बदलून बदलून वाजवत होती.

"कोण, दुलाजी? बरा आलास लेका," ती म्हणाली. "पलीकडून नाव सुटलीय. माझा हात भरून आला, जरा धर हे."

त्याने थाळी घेतली आणि वाजवू लागला. समोर पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. पाण्याचा आवाजसुद्धा दबून गेला होता. तो वाजवत राहिला. बराच वेळ गेला. मनगट दुखू लागलं.

"आजी, ऐकू तरी जातंय का त्यांना?"

"मला कसं कळणार?"

"मग तू रोज कशाच्या भरवशावर वाजवतेस?"

म्हातारी पायरीवर टेकली होती. ती म्हणाली, "माझा धनी याच धुक्यात गेला. तेव्हा वर्षभर मी देवीचं तोंड पाहिलं नाही. मग एका सकाळी थाळी घेऊन इथं आले. राग गेला नव्हता हो माझा. तरी आले. थाळी वाजवणं माझ्या हातात आहे, तेवढं मी करते. नाव तिच्या हातात."

दुलाजीला ते पटलं नाही. तीन साचे त्याच्या डोळ्यांपुढे आले. समोर तेच धुकं, हातात तीच थाळी, आणि उत्तर कुठूनच नाही. त्याने वैतागून दांडका खाली टाकला.

"माझ्याच्यानं नाही होत. कुणी नाहीये तिकडे."

"थांबू नकोस!" ठकूआजी अशी ओरडली की तो दचकला. ती उठून पायऱ्यांवर दांडका चाचपू लागली. धुक्यात तिचे हात सापडेल तिथे पडत होते. ते पाहून दुलाजीला लाज वाटली. त्याने दांडका उचलला आणि सगळा जीव मनगटात आणून थाळी बडवायला लागला. किती वेळ, त्याला समजलं नाही. थाळीला पोचे पडले. बोटांची सालपटं निघून रक्त आलं. तो थांबला नाही.

आणि धुक्यातून नावेचं टोक बाहेर आलं.

नावेत चौदा माणसं होती. त्यांतली एक बाळंतपणासाठी माहेरी निघालेली पोर होती. नावाडी काठावर उतरला आणि आधी पायरीला हात लावून पाया पडला.

"आवाजाच्या रोखानं येत होतो," तो म्हणाला, "आणि मध्येच आवाज बंद झाला. नाव खाली ओढली जायला लागली. खडकांवर पाणी आपटताना ऐकू येत होतं. म्हटलं, आटपला कारभार. आणि तेवढ्यात थाळी पुन्हा सुरू झाली."

दुलाजीने हातातल्या दांडक्याकडे पाहिलं. कुणी नाही असं म्हणून त्याने ज्या क्षणी दांडका टाकला होता, त्याच क्षणी तिकडे चौदा जीव त्या आवाजाकडे कान लावून बसले होते.

"आजी," तो म्हणाला, "तुझा राग गेला कधी?"

"ते नाही बाबा आठवत. वाजवता वाजवता गेला कधीतरी."

दुलाजी मावसभावाकडे गेला नाही. घरी येऊन त्याने भट्टीचं तोंड फोडलं. यसूने माळ्यावरची सांडशी काढून दिली. मग त्याने ती चिरलेली घंटा अंगणात घेतली आणि पहिल्यांदाच, राग बाजूला ठेवून, नीट पाहिली. चीर का पडली ते त्याला कळलं. धातू आत पुरता निवला नव्हता. लोकांच्या घाईपायी त्याने साचा फोडला आणि गार वारा लागून घंटा तडकली. पहिल्या वेळी माती नीट वाळू दिली नव्हती, तीही घाईच. दुसऱ्या वेळी जाळ कमी पडला होता. देवीने एकदाही नाही म्हटलं नव्हतं. दरवेळी काय चुकलं ते तिने समोर ठेवलं होतं, त्यालाच तिकडे बघायचं नव्हतं.

चौथा साचा त्याने पंधरा दिवसांसाठी सावलीत वाळत ठेवला. बाराव्या दिवशी अवकाळी सर आली आणि वरची माती वाहून गेली. यसूने कपाळाला हात लावला. दुलाजीने आभाळाकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "बरं. पुन्हा लिंपू." आणि तो माती मळायला बसला. जोवर घंटा नव्हती तोवर रोज सकाळी तो घाटावर जाऊन ठकूआजीबरोबर पाळीपाळीने थाळी वाजवी आणि मग कामाला लागे.

नवी माती पुरती वाळल्यावर त्याने रस ओतला, तसा गाव पुन्हा गोळा झाला. "फोड की आता!" पाटील म्हणाले.

"चार दिवस हात लावायचा नाही," दुलाजी म्हणाला. "आणि नाहीच जमली, तर पाचवी ओतीन."

पाचव्या दिवशी साचा फोडला. घंटा तिसरीइतकी देखणी नव्हती. एका अंगाला तिच्यावर खडबडीत वळ उठला होता. पण टोला पडला तसा आवाज नदीवरून पलीकडे गेला, सातही वाड्यांतून फिरला आणि सावकाश विरत गेला.

त्या थंडीत एकही नाव घाट चुकली नाही, आणि पुढेही कित्येक वर्षं चुकली नाही. ठकूआजी धुक्याच्या सकाळी घरी चुलीपाशी शेकत बसू लागली. दुलाजी म्हातारा होईतो समया आणि तांबे ओतत राहिला. त्यानंतरही त्याचे साचे अधूनमधून फसतच. तेव्हा तो देवीला हात जोडी, काय चुकलं ते पाही आणि पुन्हा माती मळायला घेई.

काम मनासारखं होत नाही त्या दिवशीही जो देवाचं नाव घेऊन ते पुन्हा हाती घेतो, त्याचाच देवावर खरा भरवसा असतो.