दोन बरण्या

फोटो अल्बममधून उठून कॉम्प्युटरमध्ये राहायला गेले, त्यानंतरच्या काळातली ही गोष्ट. शालनमावशींचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता आणि त्यांच्या लेकीचं सगळं बालपण त्याच्याच पोटात होतं. तो बंद पडायच्या आत हार्ड डिस्क घ्यायला त्या दुकानात आल्या.

"मलाच नेणार," काचेतली चकचकीत डिस्क म्हणाली. "माझ्याइतकी चपळ इथे कोण आहे?" कोपऱ्यात दोन साध्या काळ्या डिस्क पडून होत्या. "तुम्ही बहिणी जोडीनं धूळ खा," ती हसली.

मावशींनी किमती पाहिल्या. "हिच्या पैशात त्या दोघी येतात. त्याच द्या."

"दोन्हींत तेच फोटो ठेवणार?" दुकानदारानं विचारलं.

"वर्षाचं लोणचं आपण एकाच बरणीत ठेवतो का? एक हाताशी, एक वर फळीवर."

"लोणचं म्हणे," चकचकीत डिस्क पुटपुटली.

फोटो दोन्हींत उतरले, आणि पुढे जुना कॉम्प्युटर बंद पडून नवा आला. दिवाळीच्या साफसफाईत टेबलावरची डिस्क खाली पडली आणि कायमची मुकी झाली. मावशींनी स्टुलावर चढून कपाटावरची डिस्क काढली आणि कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर लेक पहिलं पाऊल टाकत होती.

"तुझ्या बहिणीच्या जागी दुसरी आणते हं," डिस्कवरची धूळ पुसत मावशी म्हणाल्या, आणि पायात चपला सरकवल्या.