टिपरीच्या पोटातला राखण्या

लई जुनी गोष्ट. कावळ्यानं टिपरी शेळीला डिवचलं, "जंतांवरचं कडू वावडिंग एका दमात खाऊन दाखव, तर मानलं!" येडीनं खाल्लं. पोटातले जंत पार साफ झाले. त्यांच्याशी रोज मारामारी करून तिचं अंग राखणारा राखण्या तेवढा आत उरला.

मग बाभळी फुलल्या आन् टिपरीला शिंकांवर शिंका. अंगभर खाज, छातीत घरघर. "राखण्या, कोण चोर शिरलाय रे? मरते मी!"

टिपरीचे डोळे पांढरे व्हायला लागले, तेव्हा राखण्या रडवेला होऊन बोलला, "चोर कुणी नाय, बाई. जंत गेले, माझे हात शिवशिवत होते. फुलांची धूळ आली, तिलाच बदडत सुटलो. तुझा गळा मीच आवळतोय."