उलट्या मोराची मोहर

“एवढ्या मोठ्या दरबारात एकाचाही माझ्यावर विश्वास बसू नये? अरे, यातल्या निम्म्यांच्या नाळा मी कापल्यात!”

असं कोण ओरडलं? तर हौसा सुईण. राजाच्या भर दरबारात, पदर खोचून. घाबरायची तिला सवयच नव्हती, बरं का.

झालं काय होतं, तर राणीला मुलगी झाली. अडलेलं बाळंतपण. दोन दिवस हौसानं डोळ्याला डोळा लावला नाही. बाळ रडलं तेव्हा राणीनं उशाखालची थैली बांधलेली तशीच तिच्या हातात ठेवली. आत एक सोन्याची मोहर. मग हौसा बाजारात गेली, लेकीला लुगडं घ्यायला. दुकानदारानं मोहर पाहिली आणि बोंब ठोकली, “खोटी! खोटी मोहर!”

कारण त्या राज्यातल्या प्रत्येक मोहरेवर एक मोर असायचा आणि तो उजवीकडे बघायचा. हौसाच्या मोहरेवरचा मोर डावीकडे बघत होता.

मग शिपायांनी तिला धरून आणलं. राणी बाळंतिणीच्या खोलीत. तिनं निरोप धाडला, “थैली दिली खरी, पण आत बघितलं नव्हतं.” झालं! खोटी मोहर पाडणाऱ्याला शिक्षा काय होती ठाऊक आहे? गावोगाव त्याच्या नावाची दवंडी. एकदा दवंडी पिटली की हौसाला कुणी उंबरा ओलांडू देणार नव्हतं. बाळंतिणीच्या खाटेपाशी तर नाहीच नाही.

आता त्याच दरबारात, खांबाला टेकून, एक म्हातारा उभा होता. राजाच्या टांकसाळीत मोहरांचे ठसे कोरायचा. त्याचं नाव शेवटी सांगते. आत्ता नको, आत्ता त्याला लाज वाटतेय.

त्या एकट्याला सगळं माहीत होतं. ठसा उलटा कोरावा लागतो, तेव्हा मोहर सुलटी उठते. म्हणून तो परातीत पाणी घ्यायचा, वर जुनी मोहर पालथी धरायचा, आणि पाण्यात दिसेल तसा मोर कोरायचा. परात भरून ठेवायची त्याची बायको. एके दिवशी आमटीत मीठ कमी पडलं म्हणून हा तिच्यावर वस्सकन ओरडला. ती म्हणाली, “मग आज पाणी आपलं आपण घ्या.” घागर दोन हातांवर होती, बरं का. पण उठतोय कोण! मोहर समोर ठेवली आणि दिसला तसाच मोर कोरला बेट्यानं. पहिली मोहर पाडली, तर मोर डावीकडे बघतोय! ठसा त्यानं फोडून टाकला. मोहर वितळवणार, तेवढ्यात मोजणीची माणसं दारात. यानं ती हळूच खजिन्यात जाणाऱ्या ढिगात सरकवली. आणि गप्प बसला.

आणि गेल्या साली त्याच्या नातवाला या जगात आणलं ते कुणी? हौसानंच. आता कोणत्या तोंडानं तिच्याकडे बघायचं?

मग पारखी पुढे आला. त्यानं काळ्या दगडावर मोहर घासली. पिवळीधमक रेघ उठली. “सोनं खरं आहे,” पारखी म्हणाला, “पण कमी घातलं असेल.” त्यानं मोहर ताटलीत ठेवली. तर मोहर आपोआप गरकन फिरली आणि मोराची चोच म्हाताऱ्याकडे करून थांबली. म्हातारा खांबाआड सरकला.

मग पारख्यानं तराजू घेतला. एका पारड्यात राजाची मोहर, दुसऱ्यात ही. काटा केसभर हलला नाही. “वजनही भरलं,” पारखी म्हणाला, “पण आवाज खोटा निघेल.” तोवर पारड्यातली मोहर पुन्हा फिरली. चोच थेट खांबाकडे! म्हाताऱ्याचे कान तापले. तो लोकांच्या पाठीमागे जाऊन दडला.

मग पारख्यानं मोहर फरशीवर टाकली. त्या राज्यातली खरी मोहर खणकन वाजत नसे, ती मोरासारखी ओरडायची. ही पण ओरडली, म्याँऽव! आणि घरंगळत, लोकांच्या पायांतून वाट काढत, म्हाताऱ्याच्या अंगठ्याशी जाऊन पडली.

“मोहर ओरडली, पण ठसा चुकीचा तो चुकीचाच,” पारखी म्हणाला. “राजाच्या टांकसाळीत चूक होत नसते. हिनंच घरी पाडली.”

“मी? मला धड चकली पाडता येत नाही, मोहर कुठली पाडतेय!”

सगळे हसले. म्हातारा हसला नाही.

राजानं दवंडीवाल्याला बोलावलं. हौसा आपली मोहर उचलायला गेली. खाली वाकली, तर समोर एक पायाचा अंगठा मोहरेपासून मागे सरकताना दिसला. तिनं मान वर केली. मोराकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं. सगळं कळलं तिला. ओरडेल, वाटलं ना? नाही ओरडली. हळूच म्हणाली, “मामा, नातू चालायला लागला का हो?”

एवढंच. पण तिनं फाडकन थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. म्हाताऱ्याला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

“थांबा!” तो दवंडीवाल्याला म्हणाला. “दवंडीत हिचं नाव घेऊ नका.”

आणि त्यानं सगळं सांगितलं. मिठाचं सांगितलं, घागरीचं सांगितलं, ढिगात सरकवल्याचं सांगितलं. “दोन हातांवरची घागर!” दरबार खो खो हसला. तो खाली मान घालून उभा राहिला. हसू दिलं त्यानं सगळ्यांना.

राजा म्हणाला, “हौसाबाई, याची शिक्षा तुम्हीच सांगा.”

“बाळंतिणीला पाणी लागतं. मी जाईन तिथं पाणी यानं भरायचं. पण आधी घरची घागर भरायची, बायकोला विचारायचं, आणि मग यायचं.”

“आणि दवंडी?”

“ती तर पिटायचीच! भर बाजारात मला खोटी म्हणाले, ते काय फुकट?”

मग दुकानदारानं हात जोडून लेकीचं लुगडं दिलं. राणीच्या मुलीनं बाळसं धरलं. म्हाताऱ्याच्या आमटीत मीठ नीट पडायला लागलं, नाही पडलं तरी तो गुमान भुरकायचा. सगळे सुखात राहिले. झाली गोष्ट. पाय पांघरुणात घ्या आणि मिटा डोळे.

काय? नाव राहिलं? मग ऐका, दवंडीवाला काय ओरडत गेला ते, आणि ऐकता ऐकता झोपा. ऐका हो ऐका! मोहर खरी, हौसा खरी, चुकला तो एकटा निंबाजी.