पिवळ्या तोंडाचं पिल्लू

बेटांना अजून नावं नव्हती, तेव्हा एका बेटावर रंगीबेरंगी पोपटीण राहायची. तिच्या जातीची जीभ कुंचल्यासारखी, फुलातला मध टिपणारी. तिचं पिल्लू प्रत्येक फुलातून परागाने पिवळं तोंड घेऊन निघायचं आणि ती ते लगेच पंखाने पुसायची. चारचौघांत बरं दिसत नाही ना.

एकदा पांगारा म्हणाला, "ताई, यंदा माझी फुलं नुसतीच गळतायत. एक शेंग धरली नाही."

"मग मी काय केलं? माझं पोर किती स्वच्छ असतं, बघा तरी."

"तेच तर. त्याच्या तोंडावरचा पराग दुसऱ्या फुलाला लागला, तरच शेंग धरते."

पोपटीण ओशाळली. आईपणातलं एवढंच आपल्याला नीट जमतं, असं तिला वाटत होतं.

पिल्लू पिवळ्या तोंडानेच पुढच्या फुलाकडे निघालं. शेजारणी बघत होत्या. तिने पंख उचलला, आणि मोठ्या कष्टाने मिटून घेतला.